कुस्कोचं 130 सोलचं तिकीट: दगड वाचायला पुरतं का?

बोलेतो तुरिस्तिको म्हणजे पेरूमधल्या कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीचं आणि आसपासच्या 16 ठिकाणांचं एकत्रित तिकीट. परदेशी माणसाला पूर्ण तिकीट 130 सोलला (सोल हे पेरूचं चलन) मिळतं, 10 दिवस चालतं आणि प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येतं. त्यावर नाव लिहिलेलं असतं आणि दारावर त्या-त्या ठिकाणाच्या चौकोनात भोक पाडतात, त्यामुळे ते दुसऱ्याला देता येत नाही. या तिकिटाचे रिव्ह्यू बहुतेक "सूर्यास्त छान दिसतो" या अंगाने लिहिलेले असतात. हा रिव्ह्यू वेगळ्या ग्राहकासाठी आहे. "शंभर टनांचे दगड, लोखंड नाही, चाक नाही, तरी दरजेत ब्लेड जात नाही, म्हणजे हे इंकांचं कामच नव्हे, 12,000 वर्षांपूर्वी बुडालेल्या कुठल्यातरी प्रगत संस्कृतीचं आहे" हा दावा ज्याने पन्नास व्हिडिओंत ऐकला आहे आणि आता स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचा आहे, त्याला हे तिकीट काय देतं आणि काय देत नाही, एवढंच इथे बघू.

आधी पैशांचं. तिकिटाचे तीन तुकडेही मिळतात, प्रत्येकी 70 सोल. पहिल्या सर्किटमध्ये साक्सायवामान, केंको, पुका पुकारा आणि ताम्बोमाचाय, मुदत एक दिवस. दुसऱ्यात शहरातली संग्रहालयं आणि दक्षिणेकडचं तिपोन व पिकियाक्ता, मुदत दोन दिवस. तिसऱ्यात पिसाक, ओयान्तायताम्बो, चिन्चेरो आणि मोराय, मुदत दोन दिवस. दगडकाम बघायचं तर पहिलं आणि तिसरं तर लागणारच, म्हणजे 140 सोल. पूर्ण तिकीट त्याहून 10 सोलने स्वस्त, वर मुदतीची घाई नाही. तुकड्यांत घेण्यात अर्थ नाही. रोख सोल जवळ ठेवा आणि पासपोर्टही. विद्यार्थ्यांसाठी 70 सोलचं पूर्ण तिकीट आहे, पण त्याला वयाची अट आहे आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड मागतात. कॉलेजचं ओळखपत्र चालेल या भरवशावर जाऊ नका.

मुदत 10 दिवसांची असल्यामुळे क्रम आपल्या हातात राहतो, आणि इथे क्रमाला फार किंमत आहे. बहुतेक लोक कुस्कोत उतरतात आणि दुसऱ्या दिवशी साक्सायवामानला, म्हणजे शहराच्या वरच्या अवाढव्य दगडी किल्ल्याकडे, पळतात. ही चूक दोन्ही अर्थांनी. कुस्को 3,400 मीटरवर आहे, साक्सायवामान 3,700 च्या आसपास. डोकं ठणकत असताना दगडावरची खूण दिसत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. साक्सायवामान हे पुरं झालेलं काम आहे आणि पुऱ्या झालेल्या कामाकडे बघून ते कसं केलं हे कळत नाही. ताटात आलेल्या पदार्थावरून स्वयंपाकघर कळत नाही तसं. म्हणून सुरुवात ओयान्तायताम्बोपासून करावी. ते सुमारे 2,800 मीटरवर आहे, श्वासाला बरं, आणि तिथलं काम अर्धवट सुटलेलं आहे. पूर्ण तिकीट तिथल्या दारावरही मिळतं.

ओयान्तायताम्बोच्या टेकडीवर पायऱ्या चढून गेलं की सहा उभ्या शिळांची भिंत लागते. प्रत्येक शिळा 50 टनांहून जड, आणि दोन शिळांच्या मध्ये दगडाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या. गाईड सर्रास "गुलाबी ग्रॅनाइट" म्हणतात. तो र्‍हायोलाइट आहे. लाव्हा थिजून झालेला दगड. हा फरक निव्वळ पंडिती नाही, कारण दगडाची जात कळली की खाण सापडते. खाण सापडलेली आहे: काचिकाता, नदीच्या पलीकडे, चार-पाच किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर खूप उंच. भिंतीजवळ उभं राहून नदीपार नैर्ऋत्येला बघा. दुर्बीण असेल तर खाणीतून खाली उतरणारी उताराची वाट स्पष्ट दिसते. त्या वाटेवर आणि पायथ्याला अर्ध्या रस्त्यात सोडलेल्या शिळा पडून आहेत. स्थानिक लोक त्यांना "थकलेले दगड" म्हणतात.

दाव्याची पहिली गाठ इथेच सुटते. हरवलेली संस्कृती दगड हवेतून आणत होती, की वितळवून ओतत होती, की रसायनाने मऊ करत होती, यापैकी काहीही मानलं तरी वाटेवर पडलेल्या शिळांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ओतून बनवलेल्या दगडाला खाण लागत नाही, उताराची वाट लागत नाही आणि तो रस्त्यात "थकत" नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे वास्तुविद्येचे प्राध्यापक ज्याँ-पिएर प्रोत्सेन यांनी 1980 च्या दशकात या शिळा तपासल्या. काहींच्या एका बाजूला ओढल्यामुळे आलेली झीज आणि एकाच दिशेच्या ओरखड्यांच्या रेघा त्यांना सापडल्या. दगड जमिनीवरून घासत नेला की नेमकं हेच होतं.

खाणीपर्यंत चालत जाता येतं आणि त्याला तिकीट लागत नाही. चढ कडक आहे, जाऊन-येऊन अर्धा दिवस सहज जातो, पाणी वाटेत मिळत नाही. तरी ज्याला एकच गोष्ट करायची आहे त्याने ही करावी. 130 सोलमध्ये जे मिळतं त्यापेक्षा इथे फुकटात जास्त कळतं, आणि तिकिटाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे: ते तुम्हाला भिंतींपाशी नेतं, खाणींपाशी नेत नाही.

आता हातोडीबद्दल, कारण सगळा वाद शेवटी तिथे येतो. "तांब्या-पितळेच्या छिन्नीने अँडेसाइट कापून दाखवा" असं आव्हान देतात (अँडेसाइट म्हणजे ज्वालामुखीतून आलेला कठीण, करडा दगड). बरोबर आहे, कापता येत नाही. इंकांकडे कांस्याची हत्यारं होती, पण अँडेसाइटवर ती बोथट होतात. गल्लत एवढीच की घडाई छिन्नीने केलेली नाही, दगडाने केलेली आहे. कुस्कोच्या आग्नेयेला सुमारे 35 किलोमीटरवर रुमिकोल्का नावाची अँडेसाइटची खाण आहे. तिथल्या कपच्यांच्या ढिगांत त्या खाणीचे नसलेले दगड सापडतात: क्वार्ट्झाइट, ग्रॅनाइट, ऑलिव्हिन बेसाल्ट. बरेचसे नदीतल्या गोट्यांसारखे गोल. हीच हत्यारं. त्यांचा कडकपणा घडवायच्या दगडाच्या जवळपासच असतो, पण ती चिवट असतात. अँडेसाइट भुगा होऊन उडतो, गोटा टिकतो.

वजनांची विभागणी पाथरवटाला लगेच पटेल अशी आहे. 8 ते 10 किलोचा गोटा ओबडधोबड आकार काढायला. 2 ते 5 किलोचा तोंड सपाट करायला. आणि अगदी लहान, पाव किलोपासून एक किलोपर्यंतचे, कडा धरायला. प्रोत्सेन यांनी स्वतः रुमिकोल्कात साधारण 25 × 25 × 30 सेंटिमीटरचा अँडेसाइटचा चिरा घेऊन हे करून पाहिलं. चार किलोचा गोटा दोन्ही हातांत धरायचा, जोर लावायचा नाही, पडू द्यायचा. तोंडावर काटकोनात पडला तर नुसता ठेचतो. उभ्या रेषेपासून 15-20 अंश तिरका पाडला तर पातळ खपली उडते. आदळण्याच्या क्षणी मनगटाला किंचित हिसका दिला की खपली मोठी निघते. दगड उसळी घेऊन परत वर येतो, तो फक्त झेलून पुन्हा सोडायचा. म्हणून दिवसभर काम करूनही हात लवकर भरून येत नाहीत. एक तोंड सपाट व्हायला 20 मिनिटं लागली. तीन तोंडं आणि पाच कडा मिळून दीड तास.

बिघडतं ते कडेपाशी. कडेवर मोठा गोटा सरळ पडला की कोपरा ढलपीसकट निघून जातो आणि सगळा चिरा वाया. म्हणून दुसरं तोंड घ्यायच्या आधी अर्ध्या किलोच्या आसपासच्या लहान गोट्याने कडा बांधून घ्यायची, घाव कडेवरून बाहेरच्या बाजूला घसरते द्यायचे. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही कुस्कोच्या कितीतरी भिंतींवर दिसतात. एक, तोंडाच्या मधोमध घावांचे खळगे मोठे आणि कडेला जाताना बारीक. दोन, कडेचा कोन 90 अंशांहून जास्त होतो, त्यामुळे दोन दगडांच्या मधली दरज आत खोल गेलेली आणि दगडाचं तोंड उशीसारखं फुगलेलं दिसतं. "दगड मऊ असताना एकमेकांवर ठेवला म्हणून फुगला" असं जे सांगतात ना, तो फुगवटा म्हणजे कडा वाचवायच्या धडपडीची खूण आहे. मऊ केलेल्या किंवा साच्यात ओतलेल्या दगडावर खळग्यांचा आकार मधून कडेकडे असा लहान होत जाण्याचं काहीच कारण नाही.

हे बघायचं कसं? भरदुपारच्या उन्हात काही दिसत नाही, सगळं सपाट वाटतं. तिरका प्रकाश हवा. साक्सायवामान सकाळी 7 ला उघडतं, तेव्हाच आत शिरा. पहिल्या तासाभरात ऊन भिंतीला घासून जातं आणि प्रत्येक खळगा सावलीसकट उठून दिसतो. ढगाळ दिवस असेल तर मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरून तेच काम होतं. हात लावू नका, पट्टी किंवा कागद दरजेत घालू नका. रखवालदार शिट्टी मारतात आणि बरोबरच करतात. साक्सायवामानचा मुख्य दगड चुनखडीचा आहे, आणि चुनखडीवर घाव जिथे पडला तिथे पांढुरका डाग राहतो. आघाताच्या उष्णतेने दगडात होणारा हा बदल आहे. तो डाग शोधायला शिका, एकदा ओळखता आला की सगळीकडे दिसू लागतो.

साक्सायवामानच्या तीन नागमोडी भिंतींत सर्वांत मोठी शिळा 100 टनांच्या पुढे जाते असा अंदाज आहे. तिचा फोटो सगळ्यांकडे असतो. पण जाणत्याने बघायची जागा ती नव्हे. वरच्या ओळींत जिथून दगड काढून नेलेले आहेत तिथे जा. स्पॅनिश लोकांनी 1533 मध्ये शहर घेतल्यावर या किल्ल्याची अक्षरशः खाण केली. खालच्या शहरातली चर्चं आणि घरं इथल्या सुट्या होणाऱ्या दगडांनी बांधली गेली. दगड उचलल्यामुळे खालच्या दगडाची माथ्याची बैठक उघडी पडली आहे. तिथे स्पष्ट दिसतं की वरच्या दगडाच्या बुडाचा आकार खालच्या दगडाच्या माथ्यात कोरलेला होता. म्हणजे वरच्याचं बूड आधी तयार, मग खालच्यात त्याचं घर. उभ्या दरजेसाठी तसंच, आधी बसवलेल्या शेजाऱ्यात नव्या दगडाची बाजू. प्रत्येक वेळी एकच बाजू जुळवायची असते, "सगळ्या बाजूंनी एकदम जुळवलं" हा चमत्कार नाहीच मुळी. लहान दगड ठेवायचा, दाबला गेलेला भुगा बघायचा, उचलायचा, तेवढी जागा ठेचायची, पुन्हा ठेवायचा, असं करत जमतं. मोठ्या शिळेला ते परवडत नाही. तिच्यासाठी व्हिन्सेंट ली या वास्तुविदाने लाकडी ओंडक्यांची घरं बांधणाऱ्यांची युक्ती सुचवली: वरचा दगड टेकूंवर किंचित वर धरायचा आणि ओळंबा लावलेल्या काठीने त्याच्या बुडाची रेघ खालच्यावर उतरवायची. ही युक्ती पटण्यासारखी आहे. मात्र 100 टनांची शिळा हवी तिथे नेमकी कशी उचलून धरली हे प्रोत्सेन यांनीही सुटलेलं म्हटलेलं नाही. दाव्याच्या बाजूच्या लोकांनी भर द्यायचा तर इथे द्यावा, ब्लेडवर नको.

कारण ब्लेडचं प्रकरण अर्धंच खरं आहे. पुढून दरज केसाएवढी असते, खरं आहे. पण अनेक भिंतींत हा घट्टपणा पुढच्या काही सेंटिमीटरपुरता असतो. आत दगड पाचरीसारखा निमुळता होत जातो आणि मागे माती व गिट्टी भरलेली असते. पडझड झालेल्या कोपऱ्यात डोकावलं की हे दिसतं. शहाणपणाचं काम आहे: जिथे डोळा जातो तिथे मेहनत, जिथे जात नाही तिथे भराव. दगडांवर बाहेर आलेले गड्डू शोधा, बहुतेक खालच्या बाजूला असतात. पहार लावायला किंवा दोर अडकवायला ठेवलेले, काम संपल्यावर ठेचून काढायचे राहून गेलेले.

किती माणसं लागली? स्पॅनिश बखरकार पेद्रो सिएसा दे लेओन याने 1550 च्या सुमारास कुस्कोतल्या इंकांना विचारून लिहून ठेवलं आहे: 20,000 माणसं, त्यांतली 4,000 दगड काढायला, 6,000 कातड्याच्या आणि तंतूंच्या जाड दोरांनी ओढायला, बाकीची पाया खणायला आणि लाकडं तोडायला. कुस्कोतच 1539 मध्ये जन्मलेला इतिहासलेखक गार्सिलासो एका मोठ्या शिळेची गोष्ट सांगतो, जी ओढताना निसटली आणि हजारो माणसं चिरडून गेली. आकडे फुगवलेले असतील. पण बांधणाऱ्यांची नातवंडं जिवंत असताना लिहिलेल्या या नोंदींत दोर, माणसं आणि अपघात आहेत.

साक्सायवामानच्या भिंतींसमोरच्या मैदानापलीकडे रोदादेरो नावाची गुळगुळीत, खोबणी पडलेली टेकडी आहे, मुलं तिच्यावरून घसरतात. "दगड वितळवल्याचा पुरावा" म्हणून तिचे व्हिडिओ फिरतात. हर्बर्ट ग्रेगरी या भूशास्त्रज्ञाने 1914 मध्येच तिच्यावर लिहिलं आहे: तो प्रस्तरभंगाचा पृष्ठभाग आहे, खडकाचे दोन भाग एकमेकांवर घासून झालेली नैसर्गिक पॉलिश. खोबणी बघा, सगळ्या एकाच दिशेने जातात. घसरून बघायला हरकत नाही, पँट जाड हवी. 24 जूनला मात्र हे मैदान इंती रायमी या सूर्योत्सवाच्या सोहळ्यासाठी असतं, त्या दिवशी भिंती निवांत बघायला मिळणार नाहीत.

पहिल्या सर्किटमधली बाकीची तीन ठिकाणं एका दुपारीत होतात. केंकोचा कोरलेला चुनखडीचा खडक आणि त्याच्या पोटातली थंड खोली छान आहे. पुका पुकारा सोडलं तरी चालेल. ताम्बोमाचायला पाणी अजून वाहतं. आधी गाडीने वर ताम्बोमाचायला जा आणि उतरत उतरत साक्सायवामानकडे या, उलट केलं तर दमाल. अर्थात सकाळचा तिरका प्रकाश हवा असेल तर साक्सायवामान वेगळ्या दिवशी, पण एकदा भोक पडलं की परत आत जाता येत नाही, हे लक्षात ठेवून ठरवा.

आता दाव्यातला सर्वांत बरा युक्तिवाद. "खाली अवाढव्य बहुकोनी दगड, वर लहान बेढब दगड. म्हणजे खालचं जुन्यांचं, वरचं इंकांचं." ओयान्तायताम्बोत आणि साक्सायवामानला असं खरंच दिसतं, प्रश्न चुकीचा नाही. पण वरचा बेढब भाग काही ठिकाणी नंतरची दुरुस्ती आहे, काही ठिकाणी वरचे चांगले दगड स्पॅनिशांनी नेले, आणि काही ठिकाणी काम घाईत सोडलेलं आहे. शिवाय दगडकामाचा दर्जा जागेच्या मानाप्रमाणे बदलतो. देवळाला घडीव थर, मळ्यांच्या पायऱ्यांना रांगडा दगड, मातीचा दाब झेलणाऱ्या भिंतीला बहुकोनी बांधणी. पिसाकमध्ये हे एकाच डोंगरावर बघायला मिळतं: पायऱ्यांच्या शेतांच्या भिंती साध्या, आणि वर इंतिवाताना या देवळांच्या परिसरात त्याच लोकांनी केलेले आरशासारखे सांधे. पिसाकला म्हणूनच पूर्ण अर्धा दिवस द्या. वरच्या दाराशी टॅक्सीने जा आणि गावापर्यंत चालत उतरा. चिन्चेरोत मोठ्या कोनाड्यांची एक भिंत आहे, ती बघितली की झालं. मोराय म्हणजे जमिनीत गोल गोल उतरणाऱ्या पायऱ्या, सुंदर आहे, पण महापाषाणांशी त्याचा संबंध नाही.

काळाबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी: घडवलेल्या दगडाचं वय कार्बनने निघत नाही, दगडाबरोबर सापडलेल्या हाडांचं, कोळशाचं, गवताचं निघतं. माचू पिच्चू या तिकिटात नाही, पण तिथल्या दफनांतल्या सांगाड्यांचं कालमापन 2021 मध्ये प्रसिद्ध झालं आणि वस्ती 1420 च्या सुमारास सुरू झाल्याचं निघालं. पारंपरिक इतिहासात माचू पिच्चू बांधवणाऱ्या पाचाकुती या इंका सम्राटाचं राज्य 1438 ला सुरू होतं. म्हणजे दुरुस्ती झाली ती वीस वर्षांची. बारा हजारांची नाही.

ओयान्तायताम्बोत काही ठोकळ्यांवर इंग्रजी टी अक्षरासारख्या खाचा आहेत, धातूच्या कड्या बसवायच्या. बोलिव्हियातल्या पुमापुंकूलाही तशा खाचा असल्यामुळे "एकच जागतिक संस्कृती" असं सूत्र मांडलं जातं. पण इंकांचं राज्य तितिकाका सरोवराच्या पार गेलं होतं आणि पुमापुंकू ज्या तिवानाकू शहरात आहे त्याचे अवशेष त्यांनी पाहिलेले होते. दोन प्रदेशांत ये-जा असली की युक्त्याही येतात-जातात. खाचांपेक्षा मला तिथले काही धारदार आतले कोपरे जास्त अडचणीचे वाटतात. गोल गोटा आतल्या कोपऱ्यात पोचत नाही. तिथे घासण्याचं वेगळं हत्यार लागलं असणार, आणि काही पृष्ठभागांवर घासल्याच्या बारीक रेघा आहेतही. हातोडीने सगळं सुटतं असं सांगणाऱ्यांनी हे कोपरे सोडून देऊ नयेत.

शहरातल्या संग्रहालयांवर फार वेळ घालवू नका. एक सावधगिरी मात्र महत्त्वाची: तिकिटावर "कोरिकांचा" दिसतं ते जमिनीखालचं छोटं संग्रहालय आहे. खरं कोरिकांचा, म्हणजे सांतो दोमिंगो मठाच्या पोटातल्या इंकांच्या खोल्या आणि प्रसिद्ध वक्र भिंत, या तिकिटात येत नाही. तिथे वेगळे पैसे भरावे लागतात. तरी भरा. तिथे अँडेसाइटचे एकसारखे थर आहेत, भिंती आत झुकलेल्या आणि दारं वर निमुळती होत गेलेली. 21 मे 1950 च्या भूकंपात मठाचं बरंच बांधकाम कोसळलं आणि इंकांच्या भिंती उभ्या राहिल्या. दगडकामासाठी कुस्कोला येणाऱ्याला ही एक जागा तिकिटाबाहेर असणं हा या तिकिटाचा दुसरा मोठा दोष. हातुन रुमियोक गल्ली मात्र फुकट आहे. तिथला बारा कोनांचा दगड डायोराइटचा. 2025 च्या फेब्रुवारीत एका माणसाने त्याला ठोकून कपच्या उडवल्या, त्यामुळे आता जवळ जाऊन रेंगाळायला वाव कमी. गर्दी त्याच्यासमोर असते, तुम्ही गल्लीत पुढे जा, तसेच सांधे निवांत बघता येतात.

आणि आता ते ठिकाण, जे बहुतेकांच्या तिकिटावर भोक न पडताच राहतं: पिकियाक्ता. इंकांच्या आधीची प्रगत संस्कृती बघायची असेल तर ती 130 सोलमध्ये आधीच दिलेली आहे. हे वारी (Wari) नावाच्या प्राचीन लोकांचं शहर आहे, साधारण इ.स. 600 ते 1000 मधलं, इंकांच्या साम्राज्याच्या कित्येक शतकं आधीचं. मुख्य भाग अंदाजे 745 × 630 मीटरचा आयत, डोंगराच्या चढउताराची पर्वा न करता पट्टीने आखल्यासारखा. आत शेकडो खोल्या, रस्ते सरळ, उंच भिंती. नियोजन थक्क करणारं. आणि दगड? रानातून उचललेले, न घडवलेले, मातीच्या गाऱ्यात रचलेले, वरून गिलावा. सांध्यात ब्लेड काय, हात जाईल. "जितकं जुनं तितकं भव्य आणि अचूक" या गृहीतकावर सगळा दावा उभा आहे, आणि कुस्कोच्या खोऱ्यात क्रम उलटा लागतो. हरवलेल्या संस्कृतीच्या नावाने येणारे पर्यटक नेमकं हेच ठिकाण वगळतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. रिकामं असतं, हा फायदा.

कुस्कोहून उर्कोसकडे जाणाऱ्या बसने निघा, आधी तिपोनला उतरून पाण्याचे पाट बघा (फाट्यापासून वर चढ आहे, टॅक्सी करा), मग पुढची बस धरून पिकियाक्ता. टोपी आणि पाणी न्या, सावली नाही. तिथून थोडं पुढे हमरस्त्यालाच रुमिकोल्काचं भव्य दगडी प्रवेशद्वार आहे. वारींच्या जुन्या रांगड्या भिंतीवर इंकांनी नंतर घडीव अँडेसाइटचे चिरे चढवले आहेत. जुनं खाली, नवं वर, आणि बारीक काम नव्याचं. जवळच ती खाण आहे, जिथून कुस्कोला चिरे गेले. ती अजून चालू आहे, पोलादी हत्यारांनी. काम चालू असलेल्या भागात विचारल्याशिवाय शिरू नका. जुन्या कपच्यांच्या ढिगाशी उभं राहून करड्या अँडेसाइटमध्ये वेगळ्या रंगाचा, एका टोकाला ठेचला गेलेला गोल गोटा दिसतो का ते बघा. दिसला तर फोटो घ्या आणि तिथेच राहू द्या.